कविता करायला लावणारे गेम्स: कुठला विकत घ्यावा, कुठला फुकटात भागवावा

मैत्रिणीने परवा विचारलं, "अगं ते कविता करायला लावणारे गेम्स असतात ना, त्यातला कुठला घेऊ?" तिची परिस्थिती अशी की गेमिंगचा अनुभव म्हणजे फोनवर रंगीत गोळ्या जुळवणं, कविता कॉलेजपासून लिहिते पण गेल्या दिवाळीपासून एक ओळ उतरलेली नाही, लॅपटॉप जुना, आणि बजेट "एका पिझ्झाएवढं". म्हटलं हे फोनवर सांगण्यासारखं नाही, लिहूनच काढते, अजून कुणाला तरी उपयोग होईल.

आधी एक सांगते. "कविता करा" म्हणणारे गेम्स प्रत्यक्षात एकमेकांपेक्षा फार वेगळं काम करून घेतात. कुणी कोरी ओळ पुढ्यात टाकतो, कुणी तयार ओळी देऊन म्हणतो निवड, कुणी सुटे शब्द हातात देतो. त्यामुळे ट्रेलर बघून भाळू नका, हे बघा की शेवटी जे तयार होतं त्यात तुमचं स्वतःचं किती. मी सगळे याच एका मापाने मोजलेत, म्हणजे पक्षपात आहेच, असू दे.

पहिला नंबर अर्थात एलेजी फॉर अ डेड वर्ल्डचा. डेजोबान गेम्स आणि पॉपकॅनिबल या दोन छोट्या अमेरिकन स्टुडिओंनी मिळून केलेला, किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवून, आणि २०१४ च्या डिसेंबरात आला. गोष्ट एवढीच की तीन अनोळखी जगांकडे पृथ्वीवरून एक टीम निघते, अपघात होतो, तुम्ही एकटे उरता, आणि त्या जगांमधली माणसं तर कधीच संपलेली. आता त्यांच्याबद्दल जे काही लिहिलं जाईल ते तुम्हीच लिहिणार. स्पेससूट घालून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात राहायचं, मागे ब्रशने रंगवल्यासारखी भलीमोठी पडकी शहरं, आणि मध्ये मध्ये लिहायची जागा येते तिथे थांबायचं. शत्रू नाही, स्कोअर नाही, हरणं नाही. ज्यांना हातात कंट्रोलर दिला की घाम फुटतो त्यांनाही जमेल असा.

तीन जगं तीन इंग्रज कवींवरून बेतलीत: बायरन, शेली, कीट्स. बायरनची 'डार्कनेस' १८१६ ची, सूर्य विझलाय आणि उरलेली माणसं अंधारात चाचपडत संपतायत अशी. त्याच्या आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्या धुरळ्यापायी १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा असा आलाच नव्हता, त्या मळभातली ती कविता. शेलीचं जग वाळवंटातल्या मोडक्या पुतळ्याच्या कवितेतून आलंय, आणि कीट्सचं त्या कवितेतून जिच्यात त्याला भीती वाटते की डोक्यातलं सगळं कागदावर उतरायच्या आधीच मी गेलो तर. बिचारा खरंच पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेला, १८२१ मध्ये. या कविता आधी वाचलेल्या असायला हव्यात असं मुळीच नाही, पण वाचून गेलात तर भिंतीभिंतीत काहीतरी दिसायला लागतं.

खरी गंमत प्रॉम्प्टमध्ये आहे, म्हणजे लिहायला सुरुवात करून देणाऱ्या ओळींमध्ये. एकूण २७ लेखन-आव्हानं आहेत. एकाच जागेतून एकदा एका माणसाच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहायला लावतील, एकदा हार मानलेल्यांचं गाणं, एकदा युद्धावरची कविता. अर्धवट वाक्य देतात, रिकाम्या जागा तुम्ही भरायच्या. आणि काही आव्हानांत तुम्ही अर्ध्यावर रंगात आलेले असताना अचानक एक नवीन माहिती समोर टाकतात, की आत्तापर्यंत लिहिलेलं सगळं वेगळ्याच उजेडात दिसायला लागतं आणि कविता वळवावीच लागते. ही युक्ती मला सगळ्यात आवडली.

रिकाम्या जागा भरून कविता कसली होते, असं कुणी म्हणेल. अहो मग उखाणा काय आहे? "चं नाव घेते" हा सांगाडा आधीच ठरलेला, कुणाचं नाव तेही ठरलेलं, आपण फक्त पुढची-मागची ओळ लावायची, आणि तेवढ्यात कितीतरी आज्या-मावश्यांनी भरल्या घरात कविता करून दाखवलीये ज्यांनी एरवी कधी पेन हातात धरलं नव्हतं. सेल लागला स्टीमवर, कार्ट भरली हातोहात, अमुकरावांचं नाव घेते लाइट जायच्या आत. बघा, मलाही सुचलं. (स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम्स विकणारं ऑनलाइन दुकान.) सांगाडा मिळाला की लाज कमी होते, एवढंच.

पण मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक अडचण आहे आणि ती मोठी आहे. प्रॉम्प्ट इंग्रजी. इंग्रजी वाक्यात क्रियापद आधीच येऊन बसतं आणि रिकामी जागा शेवटी असते, आपलं क्रियापद शेवटी, त्यामुळे त्यांचं अर्धं वाक्य आपल्या भाषेत पुरंच करता येत नाही, केलं तर खिचडी होते. मी यावर काढलेला उपाय गावठी आहे: स्क्रीनवर प्रॉम्प्ट वाचायचा, तिथेच थोडं भटकायचं, आणि कविता शेजारी वहीत. असं केलं की लिहिलेलं गेममधून इतर खेळाडूंना वाचायला देता येतं, त्यांचं आपल्याला वाचता येतं, आवडलं तर दाद देता येते, ती सगळी सोय मात्र हातची जाते. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना हा प्रश्नच नाही. आणि ज्यांना तिथेच देवनागरीत टाइप करायचंय त्यांनी घेतल्या घेतल्या पहिल्या दहा मिनिटांत अक्षरं नीट उमटतायत का बघा, कारण स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात.

दुसरं टोक म्हणजे घोस्ट ऑफ त्सुशिमा. हा प्रयोगशील आर्ट गेम वगैरे नाही, सकर पंच या स्टुडिओचा २०२० चा दणदणीत मोठा तलवारबाजीचा गेम आहे, प्लेस्टेशनवर आला, पीसीवर २०२४ मध्ये. तरी इथे घेतला कारण "गेममध्ये कविता" म्हटलं की निम्मे लोक हाच सुचवतात. जपानच्या त्सुशिमा बेटावरचं १२७४ चं मंगोल आक्रमण, जिन साकाई नावाचा सामुराई, आणि बेटावर १९ अशा जागा जिथे तो तलवार बाजूला ठेवून खाली बसतो नि हायकू, म्हणजे तीन ओळींची जपानी कविता, करतो. तुम्ही नजर फिरवायची, पाण्याकडे बघितलं की एक ओळ, जळक्या घराकडे बघितलं की दुसरी, प्रत्येक ओळीला तीन पर्याय, अशा तीन ओळी. म्हणजे एका जागेवर २७ हायकू शक्य. (तिकडे आव्हानं २७, इकडे हायकू २७, योगायोग.) झालं की बक्षीस म्हणून डोक्याला बांधायची पट्टी मिळते.

दृश्य इतकं सुंदर की मी दोनदा नुसती बसून राहिले, वारा ऐकत. पण कवितेचं म्हणाल तर ओळी सगळ्या लेखकांच्या, आपण फक्त मेनूतनं उचलायच्या, थाळीतली भाजी निवडल्यासारखं. शिवाय तेराव्या शतकात हायकू नव्हताच हो. हायकूचा गुरू मानला जाणारा बाशो सतराव्या शतकातला, आणि 'हायकू' हे नाव रुळलं ते मासाओका शिकी या कवीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. जिनच्या काळच्या सामुराईने केली असती तर वाका केली असती, त्याहून जुना जपानी प्रकार, एकतीस मात्रांची. याने खेळायला काही बिघडत नाही, पण हायकू शिकायला म्हणून कुणी हा घेणार असेल तर त्यापेक्षा शिरीष पैंचे मराठी हायकू वाचा, ज्यांनी हा प्रकार आपल्याकडे आणला आणि रुजवला, आणि मग गॅलरीत बसून स्वतः तीन ओळी करा. शून्य रुपये. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर हा चालणारही नाही, विषय संपला.

तिसरा, डोकी डोकी लिटरेचर क्लब. २०१७ चा, टीम साल्वाटो या स्टुडिओचा, मूळ आवृत्ती फुकट. शाळेतला साहित्याचा क्लब, चार मुली, रोज रात्री एक कविता करून न्यायची. कविता करायची म्हणजे दर वेळी पुढ्यात शब्दांची यादी येते, त्यातला एक निवडायचा, असे वीस शब्द. कुठला शब्द कुठल्या मुलीला आवडेल याचा हिशोब मागे चालू असतो, गोड शब्द एकीला, गूढ आणि जड शब्द दुसरीला. दुसऱ्या दिवशी त्या तुमच्या कवितेवर भरभरून बोलतात. आणि ती कविता? ती तुम्हाला कधीच दिसत नाही! वीस शब्द गेले ते गेले. आधी मला हा निव्वळ चावटपणा वाटला होता, नंतर लक्षात आलं की हे फार खरं आहे, कारण आपणही कितीदा समोरच्याला काय आवडेल हे बघून शब्द टाकतो नि त्याला कविता म्हणतो.

पण सावध. बाहेरून गुलाबी-गोड दिसणारा हा गेम आतून भयकथा आहे, आत्महत्येचे प्रसंग आहेत, सुरुवातीलाच इशारा येतो तो गंमत म्हणून येत नाही. लहान मुलांना नको, आणि स्वतःचं मन ठिकाणावर नसेल तर तुम्हालाही आत्ता नको. कविता सुचत नाही म्हणून औषध शोधणाऱ्याने हा घेऊ नये.

मग सुट्या शब्दांचा प्रकार उरतो. फ्रिजवर चिकटवायचे शब्दांचे मॅग्नेट असतात ना, ते १९९३ मध्ये मिनियापोलिसच्या डेव्ह केपेलने विकायला काढले. स्क्रीनवर त्याच्या जवळ जाणारं माझं आवडतं म्हणजे १८ केडन्स, ॲरन रीडचं, २०१३ चं. एकच घर, विसाव्या शतकातली त्याची वर्षं, त्यातल्या खोल्या, तिथे राहून गेलेली माणसं, आणि या सगळ्याबद्दलचे वाक्यांचे तुकडे. ते उचलून टेबलावर मांडायचे, एकमेकांना जोडायचे, जोडले की वाक्य थोडं बदलतं. रीड याला गोष्ट रचणं म्हणतो पण माझ्या हातून दर वेळी कविताच झाली. एकाच स्वयंपाकघराचे चार वेगवेगळ्या दशकांतले तुकडे एकाखाली एक लावून बघा म्हणजे कळेल. शब्द तुमचे नाहीत, पण रचना शंभर टक्के तुमची, त्यामुळे माझ्या मापात हे त्सुशिमाच्या खूप वर.

हाच खेळ मराठीत करायला बसलं की कळतं आपली भाषा काय चीज आहे. इंग्रजी शब्द सुटे उचलून शेजारी ठेवले की बऱ्यापैकी चालतात. आपल्याकडे 'झाड' आणि 'खाली' शेजारी ठेवून 'झाडाखाली' होत नाही, मधला 'डा' कुठून आणणार? 'हिरवा'ची चिठ्ठी 'वेली'ला चालत नाही. मी जुन्या दिवाळी अंकातून कापून चिठ्ठ्या केल्या तेव्हा पहिला संच अख्खा वाया गेला. दुसऱ्या वेळी शब्द न कापता दोन-तीन शब्दांचे तुकडे कापले, 'पाण्याच्या काठी', 'उन्हात वाळत', 'तिने न सांगता', आणि 'च्या', 'ची', 'चं', 'पण', 'तरी' यांचा वेगळा डबा केला. मग जमलं. 'च्या' भरपूर ठेवा, तो कायम संपतो.

जिम अँड्र्यूजच्या आर्टेरॉइड्स या गेमबद्दल थोडक्यात: शब्दांवर गोळ्या झाडायच्या, फुटले की अक्षरं उडतात, त्यात स्वतःचा मजकूरही घालता यायचा, कल्पना भन्नाट. पण तो शॉकवेव्ह या ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवर बांधलेला, आणि ॲडोबीने शॉकवेव्ह २०१९ मध्ये बंद केलं, त्यामुळे आज तो चालवणं हीच एक मोहीम आहे. म्हणून सांगते, कुठल्याही गेममध्ये काही बरं लिहिलंत तर त्याच दिवशी बाहेर उतरवून ठेवा.

आणि ज्यांना थोडी खटपट चालते त्यांनी गेम घ्यायच्या ऐवजी करावाच. ट्वाइन नावाचं क्लिक करत वाचायच्या गोष्टी बनवायचं टूल आहे, ख्रिस क्लिमासने २००९ मध्ये काढलेलं, फुकट, ब्राउझरमध्येच चालतं, आणि तयार होते ती साधी एचटीएमएल फाइल, म्हणून देवनागरी बिनधास्त. त्यात सायकलिंग लिंक म्हणून एक सोय आहे, ओळीवर क्लिक केलं की त्या जागी दुसरी येते, मग तिसरी. रेमाँ केनो या फ्रेंच लेखकाने १९६१ मध्ये कागदावर हेच केलं होतं: चौदा-चौदा ओळींची दहा सुनीतं, सगळ्यांची यमकं जुळणारी, प्रत्येक ओळ कात्रीने वेगळी केलेली, कुठलीही ओळ कुठल्याही सुनीतातून घ्या. दहाचा चौदावा घात इतक्या कविता, एका कवितेला एक मिनिट धरलं तर वाचायला १९ कोटी वर्षं. आपण इतकी हाव नको करायला. चार ओळींची चारोळी घ्या, दर ओळीला तीन पर्याय लिहा, ८१ चारोळ्या. बारा ओळी लिहायचा त्रास, आणि इथे विभक्तीचा घोळ होत नाही कारण पूर्ण ओळीच बदलतात.

तर मैत्रिणीला सांगितलं ते असं. लिहायचं अडलंय आणि इंग्रजी वाचायला हरकत नाही तर एलेजी, सेलमध्ये, वही जवळ ठेवून, आणि सुरुवात बायरनच्या जगापासून. पैसे घालायचेच नाहीत तर १८ केडन्स. नुसतं शांत बसायचंय नि घरात भाच्याचा प्लेस्टेशन आहे तर त्सुशिमा, कवितेची अपेक्षा न ठेवता. मुलांबरोबर सुट्टीत काहीतरी करायचंय तर चिठ्ठ्या.

तिने ऐकून घेतलं, विशलिस्टमध्ये एलेजी टाकलाय म्हणाली, सेल लागेपर्यंत थांबते. काल रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, जेवायच्या टेबलाचा फोटो, कात्री, फाटलेला दिवाळी अंक, आणि खाली: "च्या संपले. तुझ्याकडचे उरलेत का?"