लग्नाच्या वाढदिवसाला मुंबईची क्रूझ की आलेप्पीची हाउसबोट?

मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ म्हणजे 1990 मध्ये पाण्यात आलेलं अकरा मजली तरंगतं हॉटेल. पोहण्याचा तलाव, रात्रीचे शो, कॅसिनो, अगदी जैन जेवणसुद्धा. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. ऑफिसचे फोन बंद, हे माझ्या मते तिथलं सर्वांत मोठं सुख. पण आराम? डेकवर डीजे, बुफेला गर्दी. खोली बाल्कनीचीच घ्या; बिनखिडकीच्या आतल्या खोलीत समुद्र दिसतच नाही.

केरळातल्या आलेप्पीचं केट्टुवळ्ळम, म्हणजे तिथली हाउसबोट, मूळचं भात वाहणारं, फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेल्या. एका खोलीची बोट घेतली की तुम्ही दोघं आणि खलाशी, बस्स. दुपारी बाराच्या सुमारास चढायचं, वेंबनाड तलावात रेंगाळायचं, केळीच्या पानातला करीमीन मासा खायचा. संध्याकाळी मच्छीमार जाळी टाकतात, म्हणून साडेपाचच्या सुमारास बोट काठाला लागते. मग नुसतं बसायचं. (डासांचं मलम विसरू नका!) स्वस्तातल्या बोटींत एसी बहुधा रात्रीच चालतो, तेवढं आधी विचारा.

मुलं-व्याही सोबत असतील तर जहाज. दोघंच असाल तर डोळे झाकून हाउसबोट, आणि एक नव्हे, दोन रात्री.