मिरजेतलं पोटविकाराचं क्लिनिक: क्रोन्सच्या पेशंटच्या घरच्यांकडून रिव्ह्यू

माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला सारखी सूज येऊन जखमा होणारा आजार, त्याला तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आहे. आम्ही तासगाव साइडचे, आमच्याकडं मोठं दुखणं आलं की मिरज हे ठरलेलंच, मिशनरी डॉक्टर वॅनलेस साहेबांनी 1894 ला हॉस्पिटल काढलं तेव्हापासूनची ही सवय आहे. हे क्लिनिक त्या मानानं छोटंसं आहे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इथल्या डॉक्टर मॅडम नुसतं दुखायचं थांबलं का एवढं विचारून सोडत नाहीत. स्टेरॉइडवर भावाचं पोट शांत झालं, जेवायला लागला, घरात सगळे म्हणाले झाला बरा आता गोळ्या बंद करूया. तेव्हा मॅडमनी आईला समोर बसवून सांगितलं, काकू, त्रास थांबला म्हणजे आतल्या जखमा भरल्या असं नसतं, स्टेरॉइडनं सूज पटकन उतरते पण जखमा भरायला त्याचा फारसा भरवसा नाही आणि ते कायम घेताही येत नाही. जखमा तशाच राहिल्या तर आतडं अरुंद होतं, फिस्टुला होतो म्हणजे आतड्यातून दुसरीकडं नको ती वाट पडते, मग ऑपरेशन. म्हणून आतली सूज कळायला त्या शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट आणि रक्ताची सीआरपी टेस्ट ठराविक काळानं करतातच. लॅन्सेट या डॉक्टरी मासिकातला एक अभ्यास पण दाखवला, ॲडालिमुमॅब हे क्रोन्सचं इंजेक्शन घेणाऱ्या पेशंटचा, त्यात लक्षणांसोबत या टेस्ट बघून औषध वाढवलं तर 48 आठवड्यांनी 46 टक्के लोकांच्या जखमा भरल्या होत्या आणि मुख्यतः लक्षणांवर चाललेल्यांत 30 टक्के. एवढं समजावून सांगणारे डॉक्टर मी तरी पहिल्यांदाच बघितले.

भावाला इन्फ्लिक्सिमॅब हे त्याच प्रकारचं औषध चालू आहे, पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, नंतर दर आठ आठवड्यांनी सलाईनमधून. सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी नीट केली, ते फार गरजेचं आहे कारण या औषधानं दबलेला टीबी उठू शकतो. शिवाय आपल्याकडं आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात की भावाला आधी दुसरीकडं टीबीचा पूर्ण कोर्स झाला होता, त्यात मी कुणाला दोष देणार नाही. परत कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीनं आतड्याची तपासणी) केली तेव्हा बऱ्याच जखमा भरल्या होत्या, एका जागी अजून आहे, मॅडमनी फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. सिस्टर लोक पण प्रेमानं वागतात.

आता तक्रार. पोटाच्या दवाखान्यात अख्ख्या ओपीडीला एकच टॉयलेट, तेही जिन्याखाली!! क्रोन्सच्या माणसाला दम धरता येत नाही हो, रांगेत उभं राहिलेल्या पोरांचे चेहरे बघवत नाहीत. हे खरंच लगेच सुधारा. अपॉइंटमेंट असली तरी वेटिंग भरपूर असतं, आणि इंजेक्शनचा खर्च मोठा आहे, बायोसिमिलर (त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची, बहुतेक स्वस्त आवृत्ती) चालेल का हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

जाताना जुन्या कोलोनोस्कोपीचे फोटो आणि बायोप्सीचे रिपोर्ट सगळे घेऊन जा, मॅडम ते मागतातच. सर्जन तिथं बसत नाहीत, ऑपरेशनची केस असेल तर दुसरीकडं पाठवतात. 5 पैकी 4 स्टार, एक टॉयलेटसाठी कापला.