रेडिओचं जुनं कार्ट मशीन: काही महिने सतत वापरल्यानंतर

कार्ट मशीन, म्हणजे ‘कार्ट’ नावाच्या डबीतली फीत वाजवणारं रेडिओ स्टुडिओतलं यंत्र, घ्यावं का, असा विचार करणाऱ्यांना आधीच सांगतो: निवांत बसून गाणी ऐकायची असतील तर याच्या वाटेला जाऊ नका. आवाज नेमक्या क्षणी सुटायला हवा असेल, तर मात्र याला तोड नाही. मी स्वतः एक छोटा ऑडिओ कार्यक्रम करतो. त्याची सुरुवातीची धून, मधली जिंगल्स, शेवटची ओळ, सगळं आता याच मशीनवरून वाजतं. माझं मशीन मोनो आहे, रेकॉर्ड आणि प्ले दोन्ही करणारं.

सर्वांत सुख देणारी गोष्ट म्हणजे स्टार्टचं बटण. मोटर आधीपासून फिरतच असते, त्यामुळे वेग धरायला वेळ लागत नाही. बटण दाबलं की सोलेनॉइड (विद्युतचुंबकाचा खटका) खट्‌कन ओढला जातो, आणि कार्टमधल्या भोकातून वर आलेला रबरी रोलर फीत कॅप्स्टनवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, दाबून धरतो. पहिला शब्द पहिल्या अक्षरापासून स्वच्छ येतो, घरंगळत सुरू होत नाही. मोटारीत चालायची ती आठ ट्रॅकची कार्ट्रिज दिसायला अशीच, पण तिच्यात रोलर कार्ट्रिजच्या आतच असतो. त्यामुळे ती इथे चालत नाही. खरेदी करताना हे लक्षात ठेवा.

वाजवून झालं की फीत स्वतःच पुन्हा सुरुवातीला येऊन थांबते. फीत पाव इंच रुंद, तिची दोन टोकं जोडून केलेलं सलग वेटोळं. मोनो मशीनमध्ये एका ट्रॅकवर आवाज, दुसऱ्यावर क्यू टोन, म्हणजे मशीनला इशारा देणारा सूर. रेकॉर्डिंग सुरू करताच मशीन 1 किलोहर्ट्‌झचा छोटासा टोन टाकतं. वेटोळं फिरून तो पुन्हा हेडखाली (फीत वाचणाऱ्या भागाखाली) आला की मशीन थांबतं. याशिवाय 150 हर्ट्‌झचा दुसरा टोन टाकता येतो, ज्यावर शेजारचं मशीन आपोआप सुरू करता येतं. 1959 साली हे तंत्र अमेरिकेत बाजारात आलं. त्याआधी एका जाहिरातीसाठी तबकडीवर आवाज कोरून घ्या, नाहीतर रीलवर फीत ओवून सुरुवात शोधत बसा, असा प्रकार होता. पुढची तीसेक वर्षं स्टुडिओंमध्ये कार्टचे रॅक का भरलेले असायचे, हे वापरल्यावरच पटतं.

रिवाइंड मात्र नाही. फीत गुंडाळीच्या मधून बाहेर निघते आणि बाहेरच्या अंगाला गुंडाळली जाते. एकावर एक थर सतत सरकत राहतात, म्हणून फितीच्या पाठीवर ग्राफाइटचा लेप असतो. उलटी फिरवली तर फीत अडकणारच. 70 सेकंदांच्या कार्टवर मिनिटभराचा मजकूर असेल, तर तो संपल्यावरही उरलेली फीत जागेवर येईपर्यंत थांबावं लागतं. घाईने कार्ट उपसलं, तर पुढच्या वेळी ते मधूनच सुरू होतं.

रेकॉर्डिंगला शिस्त लागते. बहुतेक मशीनमध्ये इरेझ हेड नसतं, म्हणून वेगळा बल्क इरेझर (अख्खी फीत एकदम पुसणारा चुंबक) हवाच. कार्ट त्यावर सावकाश फिरवायचं, हात लांब नेत हळूहळू दूर करायचं आणि मगच स्विच बंद करायचा. जवळ असतानाच बंद केला तर फितीवर धपकन आवाज राहतो. न पुसता रेकॉर्ड केलं तर जुना आवाज मागे कुजबुजतो. शिवाय जुना क्यू टोन राहिला असेल, तर भर वाक्यात मशीन थांबतं. फितीचा जोडही आधी शोधून ठेवावा आणि रेकॉर्डिंग त्याच्या लगेच पुढून सुरू करावं, म्हणजे शब्दाच्या मध्ये आवाज खाल्ला जात नाही.

आता दुखणी. यंत्रापेक्षा कार्ट जास्त त्रास देतात. फीत हेडवर टेकवून धरणाऱ्या पॅडचा फोम वर्षानुवर्षांत विरघळतो. माझ्याकडच्या जुन्या कार्टचं झाकण उघडलं तर आत बोटाला चिकटणारा तपकिरी चिखल होता. तो फितीला लागला की हेडवर येतो, उंच स्वर बसतात, आवाज कोंदट होतो. जुनं काहीही मशीनमध्ये घालण्याआधी कार्ट उघडा, पॅड बदला, हेड आणि कॅप्स्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ज्या फितीचा ग्राफाइट उडालाय ती ओढली जाते आणि सूर हेलकावतो. ती फेकून नवी भरणंच बरं. रोलरचं रबर चकाकत असेल तर तोही बदलायचा. एवढं केल्यावर माझं मशीन कुरकुरलेलं नाही.

आवाजाबद्दल मला तक्रार नाही. फितीचा वेग सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे साध्या कॅसेटच्या चौपट. थोडी खरखर ऐकू येते, पण बोलण्याला आणि जिंगलला छान भरीवपणा येतो. स्टिरिओच्या फंदात मी मुद्दाम पडलो नाही. फीत कार्टमध्ये किंचित तिरकी सरकली की डाव्या-उजव्या ट्रॅकची फेज (ध्वनिलहरींची वेळ) जुळत नाही, आणि मोनोवर ऐकणाऱ्याला उंच स्वर गायब झालेले ऐकू येतात. स्टेशनांनाही याचा बराच जाच होता.

घेणारच असाल तर फक्त वाजवणारा डेक घेऊ नका. रेकॉर्ड करणारा घ्या, त्याच्याबरोबर बल्क इरेझर मागून घ्या, आणि पैसे देण्याआधी एक कार्ट पुसून, भरून, ते सुरुवातीला येऊन थांबतंय ना, हे समोर उभं राहून बघा.