1794 च्या ओररीत नेपच्यून, आणि माझे 1,850 पौंड

लाज वाटते, पण लिहितो. मी मेकॅनिकल इंजिनिअर. गिअर बघून यंत्र ओळखणारा माणूस, तरी लंडनच्या रविवारच्या बाजारात मला 1,850 पौंडांचा चुना लागला.

ओररी म्हणजे सूर्यमालेचं हँडलने फिरणारं पितळी यंत्र. तबकडीवर कोरलेलं: 'डब्ल्यू. अँड एस. जोन्स, होबर्न, 1794'. नाव खरंच नावाजलेलं, म्हणून तर नकली मालावर तेच टाकतात. विकणारा म्हातारा, आजोबांच्या माळ्यावर सापडल्याची गोष्ट. पुढचं तुम्हाला पाठ असेल.

आणि मी काय केलं? त्याच्यासमोर बोट फिरवत ग्रह मोजले. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, हर्षल, नेपच्यून. आठ! वर "सगळे आहेत" म्हणून खूश झालो. अहो, नेपच्यून सापडला 1846 मध्ये! हर्षल 1781 चा, तो चालला असता. लहानपणी पंचांगात हर्षल वाचणाऱ्याला हे सुचू नये? पण हँडल फिरवताना जी मऊ कुरकुर येते ना, तिने डोकं बधिर होतं. थंडीही होती.

लिलावघरातल्या बाईंनी हँडलला हातही लावला नाही. "नेपच्यून?" एवढंच म्हणाल्या. मग खालची हिरवी बनात सोलली, तर आत स्टार स्क्रू. ते 1930 नंतरचे. तुम्ही आधी सोला, मग पैसे द्या.

आणि पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. मला "मशीन बिघडलंय" सांगून बँक ट्रान्सफर करायला लावलं. इथल्या कायद्यात 100 पौंडांवरच्या खरेदीला कार्ड कंपनीही जबाबदार असते, ते गेलं. बँक म्हणते, वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी वाद. पोलिसांनी ऑनलाइन फॉर्म भरायला लावला, दोन तास गेले, क्रमांक मिळाला. सहा आठवड्यांनी ईमेल: तपास होणार नाही. फोन केला तर पोरगा विचारतो, "ओररी म्हणजे काय?" स्पेलिंग तीनदा सांगितलं. बाजाराचे व्यवस्थापक म्हणे, आम्ही फक्त जागा भाड्याने देतो. तीन ऑफिसं, सगळ्यांचं बोट दुसरीकडे.

पावती नीट वाचा. माझ्या पावतीवर बारीक अक्षरात 'जोन्सच्या धाटणीची' असं होतं. वाचलं होतं मी. इंग्रजांची नम्रता समजलो.

पुण्याहून आत्तेभावाने लिंक पाठवली. हुबेहूब तीच ओररी, रुरकीहून, 14,500 रुपये, डिलिव्हरी फुकट.