एपिएस्टिम: साथीचा जोर मोजणारं पॅकेज, फक्त तारखा नीट भरा

साथ वाढतेय की ओसरतेय हे रुग्णसंख्येवरून ठरवायचं असेल, तर एपिएस्टिमइतकं सुटसुटीत साधन क्वचितच सापडेल. 'आर' या संगणकभाषेतलं हे मोफत पॅकेज. त्यामागची पद्धत अ‍ॅन कोरी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडली. भरायच्या गोष्टी दोनच: रोजचे नवे रुग्ण आणि सीरियल इंटरव्हल, म्हणजे एकाला लक्षणं दिसल्यापासून त्याच्यामुळे लागण झालेल्याला ती दिसेपर्यंतचे दिवस. मिळतो तो आरटी: एक रुग्ण सध्या सरासरी किती जणांना आजार देतो. १ च्या वर असेल तर वाढ, खाली असेल तर उतार.

हिशेब मुळात ७ दिवसांच्या विंडोवर, म्हणजे सलग ७ दिवसांच्या पुढे सरकत जाणाऱ्या तुकड्यावर, चालतो. सुट्टीच्या दिवशी नोंदी कमी होतात, तो खड्डा त्यात भरून निघतो, म्हणून ही विंडो उगाच लहान करू नये. आलेला आकडा विंडोच्या शेवटच्या दिवसाखाली लिहिला जातो. तो मधल्या दिवसाचा समजल्यामुळे कितीतरी आलेख चुकीचे वाचले जातात. विंडोत किमान ११ रुग्ण हवेत. त्याहून कमी असतील तर प्रायर, म्हणजे आकडे पाहण्याआधीच आरटीबद्दल धरलेला अंदाज, बोलू लागतो, आणि त्याची सरासरी ५ आहे. ती मुद्दाम चढी ठेवली आहे, अपुऱ्या माहितीवर कुणी साथ आटोक्यात आल्याचं जाहीर करू नये म्हणून. हा निर्णय आम्हाला मनापासून पटतो.

सगळ्यात घातक चूक शेवटच्या काही दिवसांची. अहवाल उशिरा येतात, अलीकडचे आकडे अपुरे राहतात, आरटी १ च्या खाली घसरतो आणि निर्बंध घाईने उठतात. ते दिवस वगळा, किंवा उशिराचं गणित मांडून आधी भरून काढा. नोंदीतून रुग्ण नेहमीच निम्मे सुटत असतील तरी उत्तर बिघडत नाही. मात्र तपासण्या अचानक दुप्पट झाल्या की आरटी खोटा उसळतो. पॅकेजला हे कळायला मार्ग नाही. ते प्रयोगशाळेतल्या आणि वस्तीत फिरणाऱ्या माणसांना ठाऊक असतं, म्हणून आकडे चालवताना ती माणसं शेजारी हवीतच.

बाहेरगावाहून लागण घेऊन आलेले रुग्ण वेगळ्या रकान्यात टाका, नाहीतर स्थानिक प्रसार फुगलेला दिसेल. सीरियल इंटरव्हल प्रत्यक्षापेक्षा मोठा धरला, तर आरटी १ पासून दोन्ही दिशांना आणखी लांब जातो. खरी उणीव एकच: इंटरव्हल शून्य किंवा उणे चालत नाही. कोविडमध्ये दुसऱ्याची लक्षणं कधीकधी पहिल्याच्या आधी दिसत, त्या जोड्या इथे बसवताच येत नाहीत.