घरच्या ग्राइंडरवरचं चॉकलेट : आठ महिने खाल्ल्यावर

दिवाळीपासून जुलैपर्यंत जळगावातल्या एका ताईंच्या हातचं ७० टक्के कोकोचं चॉकलेट आमच्या घरात आहे. धंद्याचं नाव लिहीत नाही, कारण आहेत त्याहून जास्त ऑर्डरी झेपणार नाहीत असं त्यांनीच सांगितलंय.

केरळातल्या इडुक्कीच्या कोको बिया आणि साखर, बाकी काही नाही. पहिल्या तुकड्याला सासूबाई म्हणाल्या, "कडू लागस." आता जेवण झालं की डबा त्याच मागतात. वडी टक्कन तुटते आणि जिभेवर सावकाश विरघळते. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, अंगाच्या उष्णतेहून जरा खाली, म्हणून ही मजा. पण हाच गुण खान्देशात आडवा येतो. आखाजीला माहेरी अमळनेरला नेलेल्या चार वड्या एसटीतच पातळ झाल्या, आणि पुन्हा घट्ट झाल्यावर वर पांढरे डाग आले. मला बुरशी वाटली. ताईंनी समजावलं, कोकोची चरबीच वर येऊन बसलीय, खायला हरकत नाही. खाल्ल्या. चव तीच, पण वडी भुसभुशीत. त्यानंतर मेपासून अर्ध्या जूनपर्यंत त्यांनी काम बंदच ठेवलं, आणि मला ते पटलं.

खरं सांगायचंय ते फेब्रुवारीचं. त्या महिन्यात आलेल्या दोन पाकिटांचा टाळूवर मेणासारखा थर बसला. वेष्टन तेच, रंग तोच. मागची बारीक अक्षरं वाचली तर घटकांत वनस्पती चरबी! फोन केला तेव्हा ताईंचा आवाज उतरला होता. पैसे घातलेल्या भागीदाराने कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती चरबी घातलेलं चॉकलेट, वापरायला लावलं होतं. ते स्वस्त पडतं, उन्हात टिकतं, टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक अंशांवर तापवून-निववून जमवण्याची, कटकट नाही. मार्चमध्ये त्यांनी बचत गटातून कर्ज काढून भागीदाराचे पैसे फेडले. आता परवाना एकट्या त्यांच्या नावावर आहे.

वनस्पतीवर माझा राग नाही. ती तर आमच्या अमळनेरची; १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. पण कोको बटरचे पैसे घेऊन ती खाऊ घालू नये.

मालक बदलला की काय होतं हे मोठ्यांकडेही दिसतं. अमेरिकेतली शार्फेन बर्गर ही चॉकलेट कंपनी १९९६ साली दोघांनी काढली, २००५ साली हर्शी या बड्या चॉकलेट कंपनीने घेतली आणि २००९ साली बर्कलीचा मूळ कारखाना बंद झाला. ब्रिटनची ग्रीन अँड ब्लॅक्स ही चॉकलेट कंपनी १९९१ची. २००५ साली ती कॅडबरीकडे गेली आणि २०१० साली कॅडबरीच क्राफ्ट या अमेरिकी खाद्यकंपनीने विकत घेतली. वेष्टनावरची नावं मात्र तीच राहिली.

उणिवा आहेत. दर खेपेला चव थोडी वेगळी लागते. एकदा बिया जास्त भाजल्या गेल्या होत्या. बिया बारीक वाटायला ग्राइंडर दोन-दोन दिवस सलग फिरवावा लागतो, त्यात वीज गेली की माल उशिरा येतो. भाव बाजारातल्या वडीच्या तिप्पट आहे. लहान आकाराची वडी काढा म्हणून मी दोनदा सांगितलंय, अजून काढलेली नाही.

पुढच्या महिन्याच्या सहा वड्या सांगून ठेवल्यात, त्यातल्या दोन सासूबाईंच्या.