गुलाबी मॅन्टिस आणि ‘रंग चढवणारी पूड’: पैसे देण्याआधी हे तपासा

म्हापसा-मडगावकडच्या कीटक पाळणाऱ्यांना सध्या एकाच पद्धतीने गंडवलं जातंय. मोबाइलवर गुलाबी मॅन्टिसचा (प्रार्थना कीटकाचा) फोटो येतो. ‘खास वाण आहे, आईबापही गुलाबी’ असं सांगून पैसे आगाऊ घेतात आणि पार्सलच्या डबीत निघतं ते कुळागरात कुठेही सापडेल असं हिरवं पिल्लू. तक्रार केली की उत्तर तयार असतं: पिल्लू ज्या फळमाश्या खातं त्यांना ही पूड चारा, दोन काती टाकल्या की रंग चढेल. पुडीचे पैसे वेगळे.

पूड साफ खोटी आहे. खाण्यातला रंग पोटात जातो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. अगदी लहान पिल्लाच्या पोटाची त्वचा पातळ असल्याने तो बाहेरून दिसतो, आणि नेमका तोच फोटो पुरावा म्हणून फिरवला जातो. पोट रिकामं झालं की रंग गेला.

लोक फसतात, कारण थापेत थोडं खरंही आहे. बऱ्याच जातींत दमट हवा आणि चांगला उजेड रंग हिरव्याकडे नेतात, कोरडी हवा तपकिरीकडे. हा बदल मुख्यतः कात टाकताना दिसतो आणि हिरवा, पिवळसर, तपकिरी एवढ्यातच राहतो. जून-जुलैत गोव्याच्या दमट हवेत तपकिरी पिल्लू पुढच्या कातीला आपसूक हिरवं होऊ शकतं. श्रेय मात्र पुडीला जातं. शेवटची कात टाकून पंख फुटलेला मॅन्टिस पुन्हा कात टाकत नाही, त्यामुळे ‘मोठ्यालाही लागू पडते’ हा दावा तर ऐकूच नका.

खरोखर गुलाबी होणाऱ्यांतला प्रसिद्ध म्हणजे आग्नेय आशियातला ऑर्किड मॅन्टिस, हायमेनोपस कोरोनेटस. त्याची वाढती पिल्लं पांढऱ्याची गुलाबी होतात, पण अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू लालसर-काळं असतं. पांढुरकं ते पहिल्या कातीनंतर होतं. तेव्हा ‘कालच जन्मलेली गुलाबी पिल्लं’ म्हणणाऱ्याशी व्यवहार तिथेच थांबवा. वाढत्या पिल्लाच्या मधल्या-मागच्या पायांच्या मांड्यांवर पाकळीसारखे पसरट भाग हवेतच.

‘पांढरा अल्बिनो’ (जन्मजात रंगहीन) म्हणून विकतात ते बहुधा नुकतीच कात टाकलेलं पिल्लू. काही तासांत त्याचा रंग भरतो. ‘काळ्या डोळ्यांचा वाण’ तर निव्वळ रात्रीचा फोटो, कारण अंधारात मॅन्टिसचे डोळे काळपटतातच. दिवसाउजेडी, आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून केलेला व्हिडिओ मागा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागा.

रंगवलेले मॅन्टिसही विकले जातात, आणि हे सगळ्यांत वाईट. ओलसर कापसाची काडी पाठीवरून हलकेच फिरवा. काडीला काही लागलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, मार्करचा रंग पाण्याने निघत नाही. भिंगातून पायांचे सांधे आणि पोटाच्या वळ्यांमधली त्वचा पाहा: वरून रंग, फटीत हिरवं, तर तो लावलेला आहे. असा रंग पोटाच्या बाजूच्या श्वासरंध्रांत बसला तर कीटक गुदमरतो.

‘गुलाबी वाणाचा’ अंड्यांचा कोष घेताना आणखी सावध राहा. नराशी संग न झालेली मादीही कोष घालते, पण त्यातून सहसा काहीच निघत नाही. कोषावर बारीक गोल भोकं दिसली तर परजीवी गांधीलमाश्या आधीच बाहेर पडल्या आहेत. रंग वाणाचा आहे म्हणणाऱ्याला एकच विचारा: एकाच कोषातली निम्मी पिल्लं कोरड्यात, निम्मी दमटात वाढवून पाहिलीत का, आणि किती पिढ्या?

पैसे गेले असतील तर संभाषण पुसू नका. व्यवहार क्रमांक आणि डबीचा फोटो ठेवून लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.